गुडघ्यांची झीज आणि मातीचा लेप: आईला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा: आई ६३ वर्षांच्या. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये ग्रेड ३ ची झीज. वजन ७८ किलो, आठ-नऊ वर्षांपासून शुगर. हाडांच्या डॉक्टरांनी 'आज ना उद्या गुडघे बदलावे लागतील' असं सांगितलंय. मावशी एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहून माती लावून आल्या आणि आता जिना चढतात. मग आईलाही तिकडे न्यावं का, घरीच माती लावली तर चालेल का, आणि यानं ऑपरेशन टळेल का?

मी निसर्गोपचाराची डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गुडघेदुखीचेच रुग्ण सगळ्यात जास्त, त्यामुळे हे प्रश्न मला जवळजवळ रोज विचारले जातात. उत्तरं आधी देते, कारणं मग. न्यायला हरकत नाही, पण शुगर असल्यामुळे काही गोष्टी तपासूनच. नीट शिकून घेतलं तर घरीही करता येतं. मात्र मातीच्या भरवशावर ऑपरेशन टळेल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मातीनं दुखणं आणि आखडलेपण कमी होतं, काही तास, कधी काही दिवस. त्या मोकळ्या वेळात आई मांडीचा व्यायाम करतात की पलंगावर पडून राहतात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

गुडघ्याचा एक्स-रे बघून 'गॅप कमी झालाय' म्हणतात, म्हणजे काय ते आधी समजून घ्या. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. एक्स-रेवर कूर्चा उमटत नाही, म्हणून ती असते तिथे मोकळी जागा दिसते. कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली एक्स-रेवरून ० ते ४ अशी प्रतवारी मांडली, आईंच्या रिपोर्टमधला 'ग्रेड ३' तिथूनच आलाय. पण कूर्चेला रक्तवाहिन्याही नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, आजूबाजूचे स्नायुबंध, आणि दुखेल या भीतीनं सतत ताठ धरलेले मांडीचे व पोटरीचे स्नायू. म्हणूनच ग्रेड ४ असून रोज मंडईत जाणाऱ्या बायका मी पाहते आणि ग्रेड २ असून रात्रभर कण्हणाऱ्याही पाहते. झिजलेली कूर्चा मातीनं परत येत नाही. पण दुखणं ज्या जागांतून येतं, तिथे मातीचा हात पोचतो.

तो पोचतो मुख्यतः उष्णतेमुळे. पिठलं आणि आमटी एकाच वेळी ताटात वाढली तर आमटी आधी निवते, कारण पातळ पदार्थ आतल्या आत फिरत राहतो आणि उष्णता घालवतो, दाट पदार्थ ती धरून ठेवतो. ओल्या मातीचं तसंच आहे. तिच्यात उष्णता भरपूर मावते आणि बाहेर पडते ती सावकाश. त्वचेला लागलेला थर लवकर त्वचेच्या तापमानाला येतो आणि आतली ऊब त्यातून हळूहळू झिरपत राहते. म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं जिथे चटका बसेल, तिथे तितकीच गरम माती सोसते. या उबेनं त्या भागात रक्त जास्त येतं, आखडलेले स्नायू सैल पडतात आणि मेंदूकडे जाणारा वेदनेचा निरोप मंदावतो. शिवाय वीस-पंचवीस मिनिटं पाय उशीवर टेकवून नुसतं पडून राहणं आपल्याकडच्या किती बायकांच्या वाट्याला येतं? तोही उपचाराचाच भाग आहे.

मग मातीतले क्षार अंगात शिरतात, विष ओढून निघतं, वगैरे जे सांगतात त्याचं काय? 'विष ओढलं जातं' याला काहीही आधार नाही. क्षारांचा प्रश्न मात्र संशोधकांनी गंभीरपणे घेतलाय. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला गरम माती थेट त्वचेवर लावली. दुसऱ्याला तीच माती मध्ये नायलॉनचा कागद ठेवून लावली, म्हणजे ऊब मिळेल पण मातीचा स्पर्श होणार नाही. दोन्ही गटांना आराम पडला, थेट लावलेल्यांत थोडा जास्त. इस्रायलमध्ये मृत समुद्राची माती आणि क्षार काढून टाकलेली माती यांची तुलना झाली, तिथेही क्षार असलेली माती सरस ठरली. पण ऑस्ट्रियातल्या नायडहार्टिंगच्या मातीवर हंगेरीच्या डॉक्टरांनी केलेल्या चाचणीत औषधी माती आणि साधी गरम माती यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. हे सगळे अभ्यास लहान आहेत. आणि अंगाला काय लावलंय हे रुग्णापासून लपवणं कठीण असल्यामुळे 'बरं वाटेल' या अपेक्षेचा वाटा वेगळा काढता येत नाही. माझं मत असं की फायद्याचा मोठा भाग उबेचा आहे, थोडा कदाचित क्षारांचा. त्यामुळे परदेशी डब्यातल्या मातीसाठी हजारो रुपये घालवू नका.

गुडघ्यावर गरम माती लावण्याची पक्की पद्धत युरोपातून आलेली आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. इटलीत पादुआजवळ आबानो आणि माँतेग्रोत्तो ही गावं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. तिथली माती तळ्यातून काढतात, जमिनीतून येणाऱ्या कढत खारट पाण्यात दोन महिने मुरवतात, तोवर तिच्यावर सूक्ष्म शैवालाचा हिरवट थर चढतो, आणि मगच ती वापरतात. दोन आठवड्यांत बारा वेळा माती, असा तिथला रिवाज आहे आणि वर्षातून एकदा त्याचा खर्च सरकारी आरोग्यसेवा उचलते. आपल्याकडे मातीला मान मिळाला तो गांधीजींमुळे. मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला राहिले, तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला आणि मणिभाई देसाईंनी तो पुढे चालवला. पण गांधीजींचा भर पोटावरच्या आणि कपाळावरच्या थंड मातीच्या पट्टीवर होता, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, ताप यांसाठी. आजही बऱ्याच केंद्रांत गुडघ्याला सवयीनं थंडच पट्टी लावतात. कधी ती बरोबर असते, कधी नाही.

ते ओळखायचं कसं? हाताची मागची बाजू आधी मांडीवर ठेवा, मग गुडघ्यावर, मग दुसऱ्या गुडघ्यावर. निरोगी गुडघा मांडीपेक्षा किंचित गारच लागतो. तो मांडीपेक्षा गरम लागत असेल, वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळ्या भरून आल्या असतील, म्हणजे ज्याला आपण 'गुडघ्यात पाणी झालंय' म्हणतो तसं असेल, तर त्या दिवशी गरम माती नको. थंड मातीची पट्टी वीस मिनिटं ठेवा, ऊन झाली की बदला. सूज नाही, पण सकाळी उठल्यावर किंवा बसून उठताना पाय ताठरतो, पहिली दहा पावलं जड जातात, अशा गुडघ्याला गरम माती मानवते. आईंचा गुडघा यातला कोणता, ते हात लावूनच बघा.

आता माती. आपली काळी माती यासाठी उत्तम, कारण तिच्यातली चिकण पाणी धरून फुगते आणि ऊब टिकवते. मुलतानी मातीही चालते. कोकणातल्या लाल मातीत चिकटपणा कमी, ती वाळली की सुटते, तिच्यात निम्मी मुलतानी मिसळा. शेताच्या वरच्या थरातली माती घेऊ नका, तिच्यात खत, फवारणीचं औषध, शेण-मूत सगळं असतं. फवारणी न होणाऱ्या जागेतली, दोन-तीन फूट खालची माती काढा, दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवा, कुटा आणि मैद्याच्या चाळणीनं चाळा. एक खडा जरी राहिला तरी पट्टी आवळल्यावर तो वाटीच्या कडेला टोचतो आणि रुग्ण पंचवीस मिनिटं त्याचाच विचार करत पडून राहतो. रात्री मातीवर बोटभर पाणी येईल असं भिजत घाला, ढवळू नका, सकाळी वरचं जादा पाणी ओतून टाका आणि मग मळा. फडक्यावर थापली की जागेवर राहील आणि बोटानं सहज पसरेल इतपत सैल हवी.

गरम करताना भांडं थेट गॅसवर ठेवू नका. तळाची माती करपते, वरची गार राहते, आणि तो तळाचा गोळा नेमका त्वचेवर येतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळवा, त्यात मातीचं छोटं पातेलं ठेवा आणि ढवळत राहा. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ४० ते ४२ अंश सेल्सिअस पुरे, आईंसाठी ३८-३९ च्या वर जाऊ नका. माती सुती फडक्यावर बोटभर जाडीची थापा, मातीची बाजू त्वचेवर येईल अशी वाटीच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं बसवा, दोन्ही बाजू झाकून घ्या. गुडघ्यामागच्या खळीत जाड थर नको, तिथली त्वचा नाजूक असते. वरून प्लास्टिक, त्यावर जाड टॉवेल. गुडघ्याखाली छोटी उशी. वीस मिनिटांनी काढा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, हवं तर थोडं खोबरेल लावा. वापरलेली माती परत वापरायची नाही. आणि मोरीत ओतायची नाही, पाइप तुंबतो, ती झाडांना टाका.

मातीत मोहरीची पूड, आलं, मिरची, चुना असं काही मिसळू नका. रुईचा चीक तर नकोच, त्यानं त्वचा भाजते आणि चुकून डोळ्यांत गेला तर फार वाईट. दुखण्यावरचं मलम, डायक्लोफेनॅकची जेल वगैरे, लावून त्यावर गरम माती बांधू नका. उबेनं औषध जास्त शोषलं जातं आणि त्वचाही चिडते. जेल दिवसाच्या वेगळ्या वेळी लावा.

आता शुगरबद्दल. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला सगळ्यात काळजी याचीच आहे. बरीच वर्षं शुगर असली की पायांची संवेदना बोटांपासून वर वर कमी होत जाते, कधी थेट गुडघ्यापर्यंत. माणसाला ते कळतही नाही. मातीचा चटका बसला तरी 'छान ऊब लागतेय' असं वाटतं आणि संध्याकाळी फोड दिसतो. म्हणून पहिल्या दिवसाआधी हे करा: स्टीलचे दोन चमचे घ्या, एक कोमट पाण्यात, एक माठातल्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. पुसून, आईंना डोळे मिटायला सांगून, आळीपाळीनं आणि मध्येच एकच दोनदा असे गुडघ्याला, नडगीला, घोट्याला लावा आणि गार की गरम ते विचारा. गुडघ्याजवळ एकदाही चूक झाली तर गरम माती बंद. ही चाचणी चुकली तर पायांच्या नसांची तपासणी करून घेणं मातीपेक्षा जास्त निकडीचं आहे. आणि माती प्रत्येक वेळी आधी तुम्ही स्वतःच्या मनगटावर लावून बघायची, 'आईंना विचारून' नाही.

त्वचेवर खरचटलेलं, गजकर्ण, चीर, इसब, काहीही असेल तर माती नको. मातीत धनुर्वाताचे जंतू सुप्त रूपात असतात आणि ते पाणी उकळण्याच्या तापमानालाही मरत नाहीत. किनारी कर्नाटकासारख्या भागात मातीतून मेलिओयडोसिस नावाचा आजारही होतो आणि तो मुख्यतः शुगर असलेल्यांनाच गाठतो. धड त्वचेवर, स्वच्छ चाळलेल्या मातीनं धोका फार कमी आहे, पण फुटलेल्या त्वचेवर हा जुगार खेळू नका. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली तर माती थांबवून डॉक्टरांकडे जा, रक्ताची गुठळी असू शकते. गुडघा लाल, कढत, सोबत ताप, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय.

केंद्रात राहायला पाठवणार असाल तर एक गोष्ट दाखल होतानाच बोला. अनेक केंद्रांत पहिले काही दिवस रसाहार किंवा अगदी हलका आहार असतो. शुगरची गोळी घराच्याच मात्रेत चालू राहिली, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी, किंवा इन्सुलिन चालू राहिलं, तर शुगर झपकन खाली जाते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. आहार बदलण्याआधी तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवली पाहिजे आणि दिवसातून काही वेळा शुगर मोजली पाहिजे. 'आमच्याकडे गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करतो' असं अभिमानानं सांगणारं केंद्र असेल तर आईंना तिथे ठेवू नका. उपचार करणारी व्यक्ती बी.एन.वाय.एस. ही निसर्गोपचाराची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेली आहे का, तेही विचारा, त्यात संकोच कसला? पुण्यात बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, तिथेही चौकशी करता येईल.

मावशींना फरक पडला तो खराच असणार. पण त्या दहा दिवसांत त्यांनी काय काय केलं नाही, तेही बघा. जमिनीवर बसून भाजी निवडली नाही, ओट्याशी दोन-दोन तास उभ्या राहिल्या नाहीत, उकिडव्या बसल्या नाहीत. मोजकं खाल्लं, मालीश झालं, रोज चालणं झालं, झोप झाली. त्यात माती. घरी आल्यावर यातलं जितकं टिकलं, तितकाच फायदा टिकतो. अभ्यासांत दोन-तीन आठवड्यांच्या मातीचा परिणाम काही महिने टिकल्याचं दिसतं, पण दुसरं काहीच न बदललेल्यांचे गुडघे लवकरच पूर्ववत दुखू लागतात, हा माझा अनुभव.

म्हणून माती काढल्यानंतरचा पहिला अर्धा तास मी कुणालाही झोपू देत नाही. गुडघा त्या वेळी सगळ्यात मोकळा असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट व्हायला हवा, पाच सेकंद, दहा वेळा. मग एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दहा वेळा. कुशीवर वळून वरचा पाय सरळ वर, दहा वेळा, हे बहुतेक जण सोडून देतात पण चालताना गुडघ्याला आधार कमरेच्या बाजूच्या स्नायूंचाच असतो. शेवटी भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीवरून, शक्यतो हात न टेकता उठणं आणि बसणं. थोडं दुखलं तर चालतं. व्यायामानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. गुडघ्याच्या झिजेवरचा सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आणि वजनाचा आहे. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत ही दोन नावं सगळ्यात वर असतात, उष्णतेचे उपचार सोबतीला येतात.

वजनाचा हिशेब आईंना असा सांगा: एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायचा कमोड स्टूल आजच आणा, देवपूजेला पाटाऐवजी खुर्ची द्या, आणि उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून काठी डाव्या हातात द्या. दुखऱ्याच बाजूच्या हातात काठी धरण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो.

दुखणं कमी झालं की वेदनाशामक गोळ्या कमी करता येतात, आणि शुगर असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांसाठी हा फायदा लहान नाही. मात्र डॉक्टरांना सांगून करा.

ऑपरेशनबद्दल. गुडघा बदलणं हा पराभव नाही. व्यायाम, वजन, औषधं सगळं प्रामाणिकपणे करूनही रात्री दुखण्यानं झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड होत असेल, पाय दिवसेंदिवस बाहेर वाकत असेल, तर माती लावत वर्षं काढू नका. फार उशीर केला की स्नायू इतके खंगतात की ऑपरेशननंतर उभं राहणं जड जातं. आणि ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर त्याआधीचे काही आठवडे माती पूर्ण बंद. त्वचेवर पुरळ किंवा ओरखडा असेल तर सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि ते योग्यच करतात.

सुरू करण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: सकाळी उठल्यावर आखडलेपण किती मिनिटं राहतं, न थांबता आई किती वेळ चालतात, आणि तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठून बसतात. एक दिवसाआड माती आणि रोज व्यायाम, असे तीन आठवडे करा आणि पुन्हा तेच मोजा. आकडे सुधारले तर माती आठवड्यातून एकदा-दोनदा ठेवा, व्यायाम रोजचा. आकडे होते तिथेच राहिले तर मातीचा खटाटोप सोडा, फिजिओथेरपिस्टला गाठा आणि ती वही हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.